पत्र्यावर पाय न ठेवता

माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत माझा धंदा चारचौघांत सांगता आला नाही. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते घसा खाकरून म्हणायचे, "लोहाऱ्याला त्यांचं युनिट आहे." युनिट होतं, हे खरं. पत्रा वाकवायची दोन मशिनं, एक वेल्डिंग सेट आणि पावसाळ्यात स्वतःच गळणारं छप्पर, एवढं ते युनिट. आमच्या घरात आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, थोरला भाऊ बँकेत. मी एकटाच पत्र्यात गेलो. आधी शेडच्या पन्हाळ्या बनवायचो, मग गिऱ्हाईकं म्हणायला लागली, बनवली तशी साफही तुम्हीच करून द्या. त्यानंतरची सगळी वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या पन्हाळ्या साफ करण्यात गेली. आता धंदा बंद केलाय, सासरेही नाहीत, तेव्हा सरळ सांगायला हरकत नाही.

घराची पन्हाळी सगळ्यांनी पाहिली आहे. जिनिंगची पन्हाळी हे प्रकरणच वेगळं. जिनात कापसातून सरकी वेगळी निघते, रुई वेगळी. ही रुई उडते. दिवाळीनंतर दिग्रसच्या एखाद्या चालू जिनात जाऊन उभे राहा, घटकाभरात तुमच्या भुवया पांढऱ्या होतील. तीच रुई छपरावर बसते, वाऱ्यानं घरंगळत पन्हाळीत येते. सरकी फेकणाऱ्या पाइपाला कुठं भोक पडलं की सरकीही वर उडते. त्यात धूळ, त्यात कबुतरांची घाण. उन्हाळाभर हे सगळं कोरडं असतं, फुंकलं तरी उडेल असं. पाऊस पडला की त्याची गोधडी होते. मग पाणी खाली उतरायच्या पाइपात जात नाही, उलटं शेडमध्ये शिरतं, आणि खाली रुईच्या गाठी रचलेल्या असतात. भिजलेल्या गाठीचं तोंड पाहिलेला शेठ मी पाहिला आहे. त्याच्यासमोर उभं राहू नये.

पन्हाळी साफ करायची म्हणजे माणसानं छपरावर जायचं, घमेलं घ्यायचं आणि हातानं उपसायचं. दुसरी रीत नव्हती. आणि आमच्याकडे छपरावर जाणारा माणूस एकच, देवराव.

देवराव बोरी अरबचे. घरची थोडी कोरडवाहू शेती, तीत कापूस आणि तूर. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे, तरी मला 'भाऊ' म्हणायचे, मी त्यांना देवरावभाऊ. अंगानं काटक, बोलायला तिखट. छपरावर जाताना चप्पल शिडीच्या खाली काढायचे, देवळात जाताना काढतात तशी. सिमेंटच्या पत्र्यावर कुठंही पाय देता येत नाही. बोल्टची ओळ दिसते ना, तिच्याखाली लोखंडाची आडवी पट्टी असते, तेवढ्याच ओळीवरून चालायचं. दोन ओळींच्या मधे पाय पडला की पत्रा फुटतो. मी एकदा वर गेलो होतो आणि मधेच खाली पाहत थांबलो. देवराव तिकडून ओरडले, "भाऊ, खाली पाहू नका, पत्र्याचं आयका! कुठं पाय द्याचा ते पत्रा सांगते न!" मला पत्र्यानं काही सांगितलं नाही. मी बसत बसत खाली आलो आणि पुन्हा वर गेलो नाही.

असा हा माणूस एकदा ओळ सोडून गेला. कारण काय, तर एका कबुतराच्या पायात रुईचा दोरा गुंतला होता आणि ते फडफडत होतं. ते सोडवायला देवराव दोन पावलं आडवे गेले. मी खालीच होतो. कडाड असा आवाज झाला, वर पाहिलं तर छताला उजेडाचं भोक. खाली कापसाची गंजी लागलेली होती म्हणून माणूस वाचला. गळ्याचं हाड मोडलं. कापसातून बाहेर काढला तर पहिला प्रश्न, "कबूतर उडालं का?" मी अशी शिवी दिली की काही विचारू नका. शिवी देताना मी रडत होतो.

यवतमाळच्या दवाखान्यात निर्मलावहिनी आल्या. देवरावांच्या मंडळी. एरवी माझ्याशी डोक्यावरचा पदर सारखा करत, कमी बोलणाऱ्या बाई. त्या दिवशी मला व्हरांड्यात बोलावून म्हणाल्या, "भाऊजी, मले शब्द द्या. यायचा पाय पुना पत्र्यावर नाही पडला पायजे."

मी म्हटलं, "वहिनी, शब्द दिला."

"काम सोडाले मी नाही म्हणत. कामाबिगर ते जगाचे नाहीत. पण वरत नाही जायचं."

शब्द द्यायला काय लागतं? एक सेकंद. पण वर न जाता वरची पन्हाळी साफ कशी करायची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. कुणीतरी सांगितलं की नागपुरात आता पन्हाळी ओढून काढायचं मशीन मिळतं. खाली मोटर आणि ड्रम, वर जाणारी लांब पोकळ दांडी, दांडीच्या टोकाला वाकडं तोंड आणि एक लहान कॅमेरा. माणूस जमिनीवर उभा राहतो, पन्हाळीतला कचरा ओढला जातो. मला तर देवच पावल्यासारखं झालं.

आम्ही दोघं नागपूरला गेलो. देवराव फडक्यात बांधून पन्हाळीतली रुई घेऊन आले होते. ही अक्कल त्यांचीच. "दुकानातला पालापाचोळा कायले ओढून पाहाचा? आपला माल ओढते का नाही ते पाहू." दुकानदार वॅट सांगत होता, अमुक वॅट, तमुक वॅट. आम्ही फडकं सोडलं, दांडी लावली, आणि रुई सटकन गायब! देवराव सुद्धा "अरे बाप्पा!" म्हणाले. तिथंच मशीन पसंत केलं.

आमची अक्कल इथंच कमी पडली. तो होळीनंतरचा महिना होता आणि आम्ही कोरडी रुई घेऊन गेलो होतो. जन्म पन्हाळीत गेलेली दोन माणसं, आणि पन्हाळी तुंबते ती पावसाळ्यात हे विसरलो! पाऊस लागल्यावर दिग्रसला पहिल्याच दिवशी त्या मशीननं ओली गोधडी तोंडात धरली आणि तशीच धरून बसलं. ना आत घेई, ना बाहेर टाकी. मोटर तापली, जळका वास सुटला, आतली कापडी पिशवी चिखलानं भरून आली. जिनाचे मुनीम छत्री धरून मजा पाहत उभे. देवराव म्हणाले, "भाऊ, याले जेवाले नाही येत, तुम्ही याले पंगतीले आणलं." मग त्यांनी शिडीकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, "मनातही आणू नका." त्या पावसाळ्यात मी दारव्ह्याहून दुसरी माणसं आणून काम रेटलं.

पुढच्या वेळी आम्ही तयारीनं गेलो. दुधाच्या कॅनमध्ये तीन दिवस भिजलेला खरा माल भरला, रुई, माती, कबुतरांची घाण आणि कोंब आलेली सरकी. कॅन घेऊन यवतमाळहून नागपूरच्या एसटीत बसलो. कळंब यायच्या आत गाडीत कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाल्या, "काहीतरी मेलं हाय गाडीत." कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला. "काय हाय त्या कॅनात?"

देवराव शांतपणे म्हणाले, "नमुना हाय."

"कशाचा?"

"सरकारी नाही, खाजगी हाय."

एवढ्या उत्तरावर कंडक्टरचं समाधान कसं झालं, हे मला आजही कळलेलं नाही. पण कॅन टपावर चढवावा लागला. दुकानात झाकण उघडल्यावर दुकानदारानं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्याच्या लग्नात मयताची बातमी घेऊन आलो होतो. पण तीन मशिनं आम्ही त्या कॅनावर लावून पाहिली, आणि तिसरं घेतलं.

ज्यांना हा धंदा करायचा असेल त्यांच्यासाठी सांगून ठेवतो, कारण दुकानदार सांगणार नाही. वॅटच्या मागे लागू नका. माल ज्या वाटेनं जातो त्या वाटेची सगळ्यांत अरुंद जागा कुठं आहे ते बघा. बहुतेक ती दांडीच्या वाकड्या तोंडाशी असते, आणि तिथंच गोळा अडकतो. ड्रम ओला माल घेणारा असावा, आत पिशवी नको, आणि खालून पाणी सोडायला तोटी हवी, नाहीतर भरलेला ड्रम हलवताना कंबर जाते. दांडी किती उंच जाते ते विचारू नका, त्या उंचीवर उभी करून पंधरा मिनिटं धरून बघा. कार्बनची दांडी हलकी असते, हात दुखत नाहीत. पण वीज तिच्यातूनही जाते, म्हणून वरून तार जात असेल तिथं ती बाहेर काढायचीच नाही. आणि जिनात मोटर कायम शेडच्या बाहेर ठेवायची. मोटरमध्ये ठिणगी असते आणि रुईला ठिणगी पुरते. रुईची आग दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

तर ते मशीन छान चाललं. मी जिल्हाभर मिरवलो. लोहाऱ्याच्या एका दालमिलचे मालक तर इतके संशयी की साफ झालेल्या पन्हाळीत बादलीनं पाणी ओतून, खाली पाइपाशी कान लावून बसायचे. त्यांनीही मान डोलावली. मी वहिनींना सांगून आलो, "वहिनी, आता पाय जमिनीवरच." त्यांनी मला शेवयाची खीर खाऊ घातली.

देवराव मात्र दांडी धरून उभे राहायचे आणि कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्याकडे पाहायचे. पहिलं वर्ष असंच गेलं. मग एकदा म्हणाले, "भाऊ, हे त मी पन्हाळीचा फोटो पाहून राह्यलो." मी हसलो. मला वाटलं, गंमत करतात. वरून दिसणारं गाव, अडाण नदीचं पाणी, दूरवर कुणाच्या वावरात कोण काय करतंय, हे सगळं ते पूर्वी खाली उतरल्यावर मला सांगायचे. ते सांगणं बंद झालं होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. माझं सगळं लक्ष मशीनवर.

त्यानंतरची वर्षं कापसाची वाईट आली. गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, वरून हिरवं गच्च दिसायचं आणि उघडलं की काळं. कापूस कमी, आला तो इकडंतिकडं जायला लागला. दिग्रसची जिनं आधी उशिरा सुरू व्हायला लागली, मग लवकर बंद, मग काहींची दारं उघडलीच नाहीत. आम्ही मंगल कार्यालयं, शाळा, गोदामं करायला लागलो. तिथल्या पन्हाळीत पाला आणि प्लॅस्टिकचे पेले. देवराव म्हणायचे, "यात काय जीव नाही, भाऊ."

अशात दिग्रसच्याच एका बंद जिनातून निरोप आला. दोन वर्षं कुलूप होतं. जागा पाहायला गिऱ्हाईक येणार म्हणून पन्हाळ्या साफ करून पाहिजेत. दसरा होऊन गेला होता. आम्ही गेलो तर आवारात गवत वाढलेलं, वजनकाट्यावर शेळ्या बसलेल्या, चौकीदार सोडून कुणी नाही. याच जिनात देवराव माझ्याकडे पहिल्यांदा कामाला उभे राहिले होते. ते बराच वेळ बंद शेडकडे पाहत उभे होते. मग दांडी उभी केली आणि लगेच ओरडले, "भाऊ! मशीन बंद करा!"

मला वाटलं तारेला लागलं. धावत गेलो. ते पडद्याकडे बोट दाखवत होते. पडद्यावर हिरवी पानं.

"कपाशी हाय," ते म्हणाले.

"गवत असेल."

"मले कपाशी नाही समजत का? सरकी उगवली न पन्हाळीत. तीन झाडं हायेत. फुटली हायेत, पाहा. बोंडं पाहा, एकाले अळी नाही!"

खरंच. गुडघाभर झाडं असतील, पण बोंडं उमललेली, पांढरीशुभ्र. खाली सगळ्या वावरांत किडकी बोंडं, आणि इथं पत्र्याच्या डोक्यावर स्वच्छ कापूस. देवरावांनी दांडी भिंतीला टेकवली. "मी वरत जातो. हातानं येचतो. उद्या आधी घरून दही आणून सीतादही करू, मंगच येचू."

सीतादही म्हणजे आमच्याकडे पहिली वेचणी करण्याआधी घरच्या बाईनं कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. तो झाल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत. आमच्या कचेरीवाल्या घरात हे नव्हतं. मी देवरावांच्या वावरात दोनदा पाहिलं होतं, वहिनी करत होत्या.

मी म्हटलं, "नाही."

"शिडीवरूनच येचतो. पत्र्यावर पाय नाही ठेवत."

"शिडीवरही नाही. मी वहिनींना शब्द दिलाय."

"या जिनातला हा शेवटचा कापूस हाय, भाऊ. मशीननं ओढाचा का तो? तुम्ही एक डाव माह्यं आयका. मी तुमाले कधी काही मागतलं काय?"

नव्हतं मागितलं. कधीच नाही. पण शब्द दिला की दिला, असा माझा हेका. मला भीतीही वाटत होती, हे आज कबूल करतो. त्या छताचं भोक मला झोपेतही दिसायचं. मी म्हटलं, "देवरावभाऊ, दांडी धरा." त्यांनी धरली नाही. हापशावर गेले, हात धुतले, चप्पल घातली आणि फाटकातून बाहेर पडले. मी रागानं स्वतः मशीन सुरू केलं. पहिलं झाड तोंडाशी अडकलं, मी जोर लावला, ते मोडलं, बोंडं चिखलातून ड्रममध्ये गेली. ड्रम उघडून पाहिला. ओला, काळा लगदा. त्यातला कापूस कोणता आणि घाण कोणती ते ओळखू येईना. मला पुढं करवेना. चौकीदाराला म्हटलं, उरलेलं परवा करतो.

परवा गेलो तर पन्हाळी लख्ख. बोटभर माती नाही, कुठं पान नाही. चौकीदार म्हणाला, "झालं न काल साफ." मला वाटलं, शेठनं दुसऱ्याला बोलावलं. मी ताठ मानेनं परत आलो, एक शब्द विचारला नाही. आणि देवराव पुन्हा कामाला आले नाहीत. मी निरोप पाठवला, उत्तर आलं, गुडघे दुखतात. मग मीही गेलो नाही. बोरी अरब लांब आहे का? यवतमाळहून एसटीनं बसलं की पोहोचलं. पण मी इतकी वर्षं गेलो नाही. मशीन दोन वर्षं आणखी चालवलं, आणि सगळा वेळ माझे कान देवरावांच्या आवाजासाठी टवकारलेले असायचे. पावसाची सर आली की अजून मनात येतं, देवराव सोबत असते तर आता काय बोलले असते.

यंदा पोळा झाल्यावर न राहवून गेलो. देवराव ओसरीत बाजेवर बसले होते. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मला पाहून म्हणाले, "या भाऊ. गोठ्याची पन्हाळी तुंबली, बरं झालं आले." वहिनींनी पाणी आणलं. मी पाणी हातात धरूनच सांगून टाकलं, की त्या दिवशी माझं चुकलं. तुम्हाला वर जाऊ द्यायला पाहिजे होतं, एकदा तरी. तो कापूस मी मशीननं ओढला, हे मला खातं.

देवराव वहिनींकडे पाहायला लागले. वहिनी देवरावांकडे. आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"सगळा कुठं ओढला?" त्या म्हणाल्या. "दोन झाडं राह्यलती न. दुसऱ्या दिवशी आमी गेलतो दिग्रसले. दही घेऊन."

मी थक्क. "तुम्ही यांना चढू दिलं?"

"यायले कायले चढू देऊ? सीतादही बाईमाणसानं कराची असते. मीच चढली."

"वहिनी!"

"हाव. कासोटा घातला अन् चढली. हे खालून शिडी धरून सांगून राह्यलते, आता उजवा पाय, आता डावा. मी हळदकुंकू केलं, निवद ठेवला, कापूस येचला. मंग पन्हाळीही साफ केली, यायनं सांगतलं तशी. घमेलं दोरीनं सोडलं. यायचा पाय जमिनीवरून हालला नाही, भाऊजी. तुमचा शब्द तसाच हाय."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. मी म्हटलं, "मग मला का नाही बोलावलं? मला सांगायचं तरी!"

"तुमी चढू देलं असतं काय मले?"

"नसतं दिलं."

"मंग?"

देवराव गुडघ्यावरून हात फिरवत म्हणाले, "चौकीदाराची शिडी होती ते. लय डुगडुगत होती. दोन माणसानं धराची शिडी ते, मी एकटाच धरून. ही वरत, अन् दुसरीकडून धराले कोणी नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तवा तुमची लय सय आली, भाऊ."